बिनझिलईची चहादाणी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याकडे येणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते ती मानमंदिराच्या भिंतीवरील निळी नक्षी. राजा मानसिंह तोमर याने १४८६ ते १५१६ या आपल्या कारकिर्दीत हा राजवाडा उभारला. बदकांच्या रांगा, हत्ती, केळीची झाडे अशी कितीतरी चित्रे त्यावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या झिलईच्या फरशांनी रेखलेली आहेत. १५२८ साली बाबराने हा वाडा पाहिला व आपल्या आठवणींत त्याची नोंद केली. मातीवर चढविलेला तो काचेसारखा लेप पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणूनच पाचशे वर्षांच्या ऊनपावसानंतरही त्यातील पुष्कळसे रंग शाबूत आहेत.

मानसिंहाचे कारागीर मातीला झिलई चढवीत होते, साधारण त्याच सुमारास चीनमधील कुंभार मातीचे एक निराळेच भांडे घडवू लागले होते. त्याला आतून वा बाहेरून कसलीही झिलई नव्हती. ती होती यीशिंगची चहादाणी.

यीशिंग हे जियांग्सू प्रांतात ताइहू सरोवराच्या पश्चिमेस वसलेले गाव. तेथील जांभळट, लोहयुक्त मातीला ‘झिशा’, म्हणजे जांभळी वाळू, असे नाव आहे. तेथील पहिला नामांकित कारागीर म्हणून गोंग चुन याचे नाव सांगतात. तो एका विद्वानाचा नोकर होता आणि एका मठातील भिक्षूचे पाहून ही कला शिकला, अशी आख्यायिका आहे. मात्र या भांड्याला मागणी आली तिचे कारण राजाज्ञेत सापडते. पूर्वी चिनी लोक दाबून वड्या केलेला चहा कुटून वापरीत. १३९१ साली मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने असा चहा नजराणा म्हणून पाठविणे बंद करविले. कारण वड्या तयार करण्यात रयतेचे श्रम फार खर्ची पडत. तेव्हापासून सुट्या पानांचा चहा रूढ झाला, आणि पाने कढत पाण्यात मुरविण्यासाठी चहादाणी हवीशी झाली.

यीशिंगची ही माती खाणीतून दगडासारखी निघते. ती उघड्यावर ठेवून भुसभुशीत होऊ देतात, दळतात, चाळतात व कुटून मळतात. नंतर थापीने ठोकून तिचे पत्रे करतात आणि ते जोडून भांडे उभे करतात. उत्तम चहादाणीला चाक लागत नाही. भट्टीत सुमारे अकराशे अंशांहून अधिक उष्णता मिळाल्यामुळे भांडे पाझरत नाही, परंतु त्याची सूक्ष्म रंध्रे शिल्लक राहतात.

चहादाणीचे सारे पथ्य या रंध्रांपायी आहे. एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करावा, कारण माती त्याचा वास धरते. चहा करण्यापूर्वी ती कढत पाण्याने ऊन करून घ्यावी. तापलेल्या भांड्यावर थंड पाणी ओतू नये, ते तडकते. काम झाल्यावर पाने काढून नुसत्या ऊन पाण्याने विसळावे. साबण किंवा राख लावू नये. झाकण काढून ती पूर्ण सुकू द्यावी व वरून मऊ फडक्याने पुसावी. दूध तर तिच्यात कधीच घालू नये. ते रंध्रांत शिरून आंबते. म्हणजे दुधासाखरेसह उकळलेला आपला चहा तिच्या कामाचा नाही. असे वर्षानुवर्षे जपले की मातीच्या अंगावर एक शांत तकाकी येते. ती कुंभाराच्या भट्टीत मिळत नाही. वापरणाऱ्याच्या हाताने येते.

मराठी घराला ही रीत अनोळखी नाही. बिडाचा तवा असाच वापराने वळतो, आणि विरजणाचे मडके जुने झाले की दही अधिक चांगले लागते. परंतु ग्वाल्हेरच्या बाजारात चहाशी जोडलेले मातीचे भांडे म्हणजे कुल्हड, आणि त्याचे नशीब नेमके उलटे. कमी आचेवर भाजलेला कुल्हड ओलावा शोषतो, नीट धुतला जात नाही. त्यात उष्ट्याचा विटाळ. म्हणून तो एकदा ओठाला लागला की फुटलाच! जी रंध्रे यीशिंगला भांडे जपण्याचे कारण झाली, तीच येथे ते टाकून देण्याचे कारण झाली.

कुल्हड टाकला जाई, म्हणूनच कुंभाराला रोज काम मिळे, हेही खरे. प्लास्टिकचा पेला आला आणि तेही गेले. २००४ साली रेल्वेने स्थानकांवर कुल्हड पुन्हा आणण्याचा प्रयत्न केला. तो फार टिकला नाही. केवळ फेकण्यासाठी घेतलेली वस्तू तिच्याहून स्वस्त वस्तू मिळताच विसरली जाते. यीशिंगच्या चहादाणीवर मात्र मिंग काळापासून कारागीर आपली नाममुद्रा उमटवीत आले आहेत आणि ती घेणारे ते नाव वाचीत आले आहेत. कुंभाराची कला त्याच्या बोटांत असते हे खरे. पण ती जगते घेणाऱ्याच्या घरी. मानमंदिराच्या फरशा लावणाऱ्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. आज ग्वाल्हेरच्या चाकावर बसलेल्या कुंभाराचे नाव तरी आपल्या गिऱ्हाइकाला ठाऊक असावे.