जप्त झालेला निबंध

गांधीबागेतील आपल्या मंडळाच्या कपाटातून मुलींसाठी अमुक पुस्तक काढावे, अशी सूचना आली, की मला विष्णुशास्त्री चिपळूणकर आठवतात. सरकारी शाळेतील नोकरी सोडून शास्त्रीबुवांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८२ साली ते वारले. पुढे १९१० साली सरकारने त्यांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध जप्त केला. बंदी उठली ती १९३७ साली! पण त्या सत्तावीस वर्षांत त्यांची शाळा चालूच राहिली.

आमच्या बाईंनी त्याच निबंधातला काही भाग वर्गात वाचून दाखविला आणि म्हणाल्या, “पटले नाही, ते लिहून आणा.” स्वतः विचार करायला मी त्या दिवशी शिकले. म्हणून पुस्तक काढण्यापूर्वी आपण ते मुलींजवळ बसून वाचावे, एवढीच विनंती.