तांबड्या केसांचा विद्यार्थी

इ. स. १९०३ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील येल विद्यापीठात अठरा वर्षांचा एक तरुण दाखल झाला. उंच, हडकुळा, चालण्याबोलण्यात कमालीचा उतावळा. चेहरा मुरुमांनी भरलेला आणि डोक्यावर भडक तांबड्या केसांचे रान. घरची माणसे त्याला हॅरी म्हणत. विद्यापीठाने त्याचे बारसे पुन्हा केले आणि ‘रेड’, म्हणजे ‘तांबड्या’, हे नाव ठेवले. पुढे जगाने त्याला सिंक्लेअर ल्युइस या नावाने ओळखले आणि १९३० साली वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळविणारा पहिला अमेरिकन लेखक म्हणून त्याचा गौरव केला. तरीही मित्रमंडळींच्या तोंडी अखेरपर्यंत ‘रेड’ हेच नाव राहिले. माणसाने आपल्या कर्तृत्वाने कितीही नावे मिळवावीत. जन्माने डोक्यावर ठेवलेले नाव सहसा पुसले जात नाही.

केसांच्या रंगावरून कोणी एखाद्याचे जिणे नकोसे करावे, ही गोष्ट आपल्याला प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. आपल्याकडे पिंगट केस आहेत, भुरे केस आहेत, घारे डोळे आहेत आणि त्यांवरून पडलेली टोपणनावेही आहेत. तांबडे केस म्हटले की मात्र आपल्या डोळ्यांपुढे येते ती मेंदी. पिकलेल्या केसांना मेंदी लावून एखादे आजोबा तांबड्या डोक्याने बाजारात निघाले, तर कोणी वळूनही पाहत नाही. म्हणजे रंगात मुळात काही वाईट नाही. तो रंग पाहणाऱ्या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या काय साठत आले आहे, यावर सारे अवलंबून असते.

शास्त्राच्या दृष्टीने या रंगाचा उलगडा सोपा आहे. मनुष्याच्या केसांत दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात: एक काळसर तपकिरी, दुसरे तांबूस पिवळे. पहिले कमी पडले आणि दुसरे वरचढ झाले, की केस तांबडे होतात. या फेरपालटामागे एक विशिष्ट जनुक असते, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. बहुधा आई आणि बाप या दोघांकडून त्या जनुकाचे बदललेले रूप आले, तरच मूल तांबड्या केसांचे होते. त्यामुळे काळ्या किंवा तपकिरी केसांच्या आईबापांच्या पोटीही असे मूल अकस्मात जन्मू शकते. जगातील शंभर माणसांत अशी माणसे एक किंवा दोन; स्कॉटलंड, आयर्लंड या देशांत मात्र त्यांचे प्रमाण बरेच अधिक. त्यांची कातडी गोरी, लवकर करपणारी. उन्हाचा त्यांना त्रास फार. निसर्गाने इतकेच केले. बाकीचे सर्व मनुष्याने केले.

मनुष्याने जे केले, त्याचा इतिहास जुना आहे. मध्ययुगीन युरोपातील चित्रकारांनी येशूचा विश्वासघात करणारा ज्यूडास अनेकदा तांबड्या दाढीचा रंगविला. इंग्लंडच्या रंगभूमीवरही ज्यूडासला तांबडे केस देण्याची रूढी होती. तांबडा म्हणजे तापट, तांबडा म्हणजे कपटी, हे समीकरण अशा रीतीने शतकानुशतके लोकांच्या मनात मुरत गेले. त्याच इंग्लंडच्या सिंहासनावर १५५८ साली तांबड्या केसांची एलिझाबेथ राणी बसली आणि पाहता पाहता तोच रंग दरबारात शोभेचा ठरला. गल्लीत जो दोष होता, तो गादीवर बसताच अलंकार झाला. रंगाची किंमत माणसाच्या जागेवरून ठरते, हा धडा त्या राणीच्या काळीच मिळाला होता. पुढच्या काळातील विद्यालयांना तो पुनःपुन्हा गिरवावा लागला.

ल्युइस येलला येण्यापूर्वी सुमारे अर्धशतक आधी ऑक्सफर्डमध्ये असाच एक विद्यार्थी होता. १८५६ च्या जानेवारीत ॲल्जर्नन चार्ल्स स्विनबर्न हा बेलियल महाविद्यालयात आला. तो ठेंगणा, नाजूक बांध्याचा, बोलताना हातपाय थरथरविणारा होता. आणि त्या लहानशा देहाच्या मानाने फारच मोठे भासणारे मस्तक तांबड्या केसांनी वेढलेले. थट्टेला याहून सोयीचे लक्ष्य कोणते असणार? पण घडले उलटेच. जॉन निकल या विद्यार्थ्याने स्थापन केलेल्या ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ या चर्चामंडळात त्याला मानाची जागा मिळाली. १८५७ साली रोझेटी, मॉरिस आणि बर्न-जोन्स हे तरुण कलावंत ऑक्सफर्ड युनियनच्या भिंती रंगविण्यासाठी आले आणि त्यांनी या विलक्षण मुलाला आपल्यात ओढून घेतले. या कलावंतांना तांबड्या केसांचे वेडच होते; रोझेटीची प्रियतमा आणि पुढे पत्नी झालेली एलिझाबेथ सिडल हिच्या तांबड्या केसांनी त्यांची कितीतरी चित्रे उजळलेली आहेत. स्विनबर्नच्या डोक्यावर त्यांना विद्रूपता दिसली नाही, चित्र दिसले. १८६१ मध्ये रोझेटीने त्याचे जलरंगातील व्यक्तिचित्र काढलेही. स्विनबर्न १८६० साली पदवी न घेताच ऑक्सफर्डमधून बाहेर पडला. पण जाताना तो कवी म्हणून गेला, एकटा म्हणून गेला नाही.

येलमधील हवा निराळी होती. या विद्यापीठाला ज्याचे नाव आहे, तो एलिहू येल १६८७ ते १६९२ या काळात मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. हिंदुस्थानात जमविलेल्या संपत्तीतून त्याने १७१८ साली पाठविलेल्या देणगीमुळे त्या लहानशा विद्यालयाला त्याचे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील पदवीवर्गात केवळ मुलगेच शिकत. पदवीवर्गात मुलींना प्रवेश मिळण्यास १९६९ साल उजाडावे लागले. श्रीमंत घराण्यांतील, नामांकित खासगी शाळांतून एकत्र आलेली मुले तेथे आपल्या ओळखीपाळखीचा गोतावळा घेऊनच येत. खेळाचा संघ, नियतकालिके, मंडळे यांच्या पायऱ्या चढत जाणे, हाच तेथील खरा अभ्यासक्रम मानला जाई. शेवटच्या वर्षासाठी ‘स्कल अँड बोन्स’सारखी मोजकी गुप्त मंडळे असत. त्यांची निवड वसंतात एका ठरावीक दिवशी उघड्या प्रांगणात होत असे. विद्यार्थी घोळका करून उभे राहत आणि वरच्या वर्गातील कोणीतरी मागून येऊन निवडलेल्याच्या पाठीवर थाप मारी. ज्याच्या पाठीवर थाप पडली नाही, त्याची उपेक्षा सगळ्यांच्या देखत होई.

अशा ठिकाणी मिनेसोटातील सॉक सेंटर या खेड्यातून एका डॉक्टरचा तिसरा मुलगा आला. सहा वर्षांचा असताना त्याची आई वारली होती. तेराव्या वर्षी, स्पेनशी युद्ध चालू असता, ढोल वाजविणारा पोऱ्या म्हणून सैन्यात भरती होण्यासाठी तो घरातून पळाला होता आणि वडिलांनी त्याला परत आणले होते. मैदानी खेळांत त्याला गती नव्हती. मैत्रीची भूक मात्र मोठी. आणि ज्याला मैत्रीची भूक फार, त्याला ती मागण्याची रीत बहुधा साधत नाही. तो अखंड बोले, नकला करी, न बोलाविता खोल्यांत शिरे. लोक हसत; ते आपल्याबरोबर हसतात की आपल्याला हसतात, याचा निवाडा करणे त्याला कठीण जात असावे. न्याय करायचा तर सारा दोष सोबत्यांच्या माथी मारता येत नाही. पण आधीच बुजलेल्या मुलाला ‘तांबड्या’ म्हणून हाक मारली, की तो अधिक मोठ्याने बोलू लागतो. आणि तो मोठ्याने बोलू लागला, की हाक मारणाऱ्याला आपले बरोबर होते असे वाटते. हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगणे दुरापास्त होते.

त्या विद्यापीठात एक दार मात्र असे होते, की तेथे केसांचा रंग कोणी पाहत नसे. ‘येल लिटररी मॅगझिन’ या नियतकालिकात ल्युइस कविता आणि कथा पाठवू लागला. त्या मासिकाच्या संपादकमंडळावरील निवड मुख्यतः छापून आलेल्या लेखनाच्या बळावर होत असे. कागदावरची अक्षरे काळीच असतात. लिहिणाऱ्याचे डोके कोणत्या रंगाचे आहे, हे त्यांतून कळत नाही. ल्युइसने चिकाटीने लिहिले आणि संपादकमंडळात स्थान मिळविले. चॉन्सी ब्रूस्टर टिंकर आणि विल्यम लायन फेल्प्स या अध्यापकांनी त्याच्यातील गुण ओळखला. विल्यम रोझ बेने आणि ॲलन अपडिग्राफ यांसारखे थोडे लेखक-मित्रही लाभले. गुप्त मंडळाची थाप त्याच्या पाठीवर पडली नाही. पण शिक्षकाचा एक हात पाठीवर होता, आणि तो पुरेसा ठरला.

तरीही त्याचे मन तेथे रमले नाही. १९०४ आणि १९०६ च्या उन्हाळ्यात तो गुरे वाहून नेणाऱ्या बोटींवर काम करीत इंग्लंडला जाऊन आला. १९०६ च्या शरदात, पदवीला एक वर्ष उरले असता, त्याने विद्यापीठच सोडले आणि अपडिग्राफबरोबर न्यू जर्सीतील ‘हेलिकन हॉल’ या सहजीवनाच्या वसाहतीत तो दाखल झाला. ही वसाहत कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर याने स्थापिली होती. समतेचे स्वप्न पाहणाऱ्या त्या घरात ल्युइसच्या वाट्याला भट्टी पेटविण्यासारखी हलकी कामे आली, आणि महिन्याभरातच तो तेथून निघाला. न्यूयॉर्कमध्ये लेखनावर गुजराण करून पाहिली. कालव्यावर काम मिळेल म्हणून पनामाही गाठले. सगळीकडून हात हलवीत तो परतला तो येलमध्येच, आणि आपल्या वर्गानंतर एक वर्षाने, १९०८ मध्ये, पदवीधर झाला. जेथे आपल्याला हसले जाते, तेथे पुन्हा पाऊल टाकण्यास बोटीवरील कामाहून अधिक धैर्य लागते.

आता दोन्ही विद्यार्थी शेजारी उभे करून पाहावे. केस तेच, चमत्कारिक हावभाव तेच, साहित्याचे वेडही तेच. मग एकाला स्वागत आणि दुसऱ्याला उपेक्षा का? याचे एक उत्तर असे, की स्विनबर्नला योग्य वेळी योग्य डोळे भेटले. दुसरे उत्तर कमी काव्यमय आहे. स्विनबर्नचा बाप नौदलाचा ॲडमिरल होता, आई एका अर्लची कन्या होती आणि तो ईटनच्या शाळेतून आला होता. उमरावाच्या मुलाचे विक्षिप्त वागणे प्रतिभेच्या खात्यावर जमा होते. खेड्यातील डॉक्टरच्या मुलाचे तेच वागणे गावंढळपणा ठरते. येलच्या मुलांना खटकत होते ते ल्युइसचे गाव, त्याची बोली, त्याची उघडी धडपड. पण ‘तू आमच्यातला नाहीस’ असे तोंडावर म्हणणे सभ्य माणसाला अवघड जाते. ‘तांबड्या’ म्हणणे सोपे. त्याला थट्टा म्हणून खपविता येते. केस निमित्तमात्र होते. अमुक एका उणिवेवर बोट ठेवून मनातील दुसरेच काही बोलण्याची ही युक्ती सर्व देशांतील वसतिगृहांना परिचित आहे.

बाहेर उभ्या केलेल्या माणसाला एक गोष्ट आपोआप मिळते, ती म्हणजे आत काय चालले आहे ते पाहण्यास फुरसत. १९२० साली ल्युइसची ‘मेन स्ट्रीट’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एका लहान गावाने आपल्याहून वेगळ्या स्त्रीला कसे वाकविले, याचे ते चित्र होते. १९२२ मध्ये ‘बॅबिट’ आली. चार लोकांसारखेच दिसावे, बोलावे, मानावे, यातच जन्म घालविणाऱ्या एका व्यापाऱ्याची ती कथा. ते नाव इंग्रजी भाषेत सामान्यनाम होऊन बसले. मंडळात सामील होण्याची माणसाची धडपड आणि सामील करून घेण्याची किंमत, हा विषय ल्युइसने जितका बारकाईने रंगविला, तितका त्याच्या पिढीत क्वचितच कोणी रंगविला असेल. तो त्याने ग्रंथालयात शिकलेला नव्हता.

पण म्हणून उपहासाला गुरुस्थानी बसविण्याचे कारण नाही. त्याच उपहासाने दिलेली अस्वस्थता ल्युइसला आयुष्यभर पुरली. दोन विवाह मोडले, मद्याने शरीर पोखरले, एका घरात, एका गावात त्याचे पाऊल फार काळ ठरले नाही. चार भिंतींत अधिक उबदार जागा मिळाली असती, तर तो लेखक झाला नसता असे मानण्यास आधार नाही; स्विनबर्नला ती मिळाली होती, आणि तोही लेखक झालाच.

१९३६ साली येल विद्यापीठाने सिंक्लेअर ल्युइसला सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. ज्या प्रांगणात एके काळी त्याच्या पाठीवर थाप पडली नव्हती, त्याच विद्यापीठात तो पन्नाशी ओलांडल्यावर मानवस्त्रे घालून उभा राहिला. १० जानेवारी १९५१ रोजी रोममध्ये त्याचा अंत झाला. त्याच्या अस्थी सॉक सेंटरच्या मातीत विसावल्या, आणि त्याचे कागदपत्र येलच्या ग्रंथसंग्रहात जतन झाले. त्या संग्रहात अभ्यासक आजही जातात. त्यांच्यापुढे येतात ती पिवळसर पानांवरील काळी अक्षरे; ‘तांबड्या’ अशी हाक मारणारे आवाज तेथे ऐकू येत नाहीत. ते आवाज ज्यांचे होते, त्यांपैकी बहुतेकांची नावेही आता कोणाला आठवत नाहीत.