एक टक्का की पाच टक्के? : सुरातल्या चुकीचा हिशेब

आजचा विषय एका प्रश्नातून निघालाय. इथे घणसोली गावात आमच्या आळीतला एक तरुण घरच्या घरी अ‍ॅनालॉग सिंथेसायझर बांधतोय. सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोडला निघाला होता. जाता जाता विचारलं, "सर, रेझिस्टर एक टक्क्याचे घेऊ की पाच टक्क्यांचे?" आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, रेझिस्टर नव्हे. पण प्रश्न नीट ऐकला तर तो आमच्याच खात्यातला निघाला. किती चूक चालेल, आणि ते कशावरून ठरवायचं?

महाराष्ट्रात या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी जोरदार वाद झालेला आहे. तो आधी पाहू.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ घेऊन त्यांनी स्वरांची मोजणी केली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढलं. त्यांचे सहकारी ई. क्लेमेंट्स, सनदी नोकरीतले न्यायाधीश. दोघांच्या प्रयत्नातून श्रुतींची खास पेटी तयार झाली. त्यांचं म्हणणं असं, की बाजारातली पेटी बेसूर आहे. का? तर तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात.

इथे एक माप लक्षात ठेवा. अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ च्या निबंधात सप्तकाचे १२०० भाग केले. एका भागाला म्हणतात सेंट. तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटांवर येतो. पेटीतला येतो ४०० वर. म्हणजे भांडण चौदा सेंटांचं!

१९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी चर्चेला आली. भातखंडे यांना ती पटली नाही. त्यांच्या लेखी व्यवहारात बारा स्वरांची चौकट पुरेशी होती. श्रुतींचे आकडे कायमचे बांधून टाकणं त्यांना मान्य नव्हतं. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली. गावोगावच्या भजनातून मात्र पेटी हलली नाही. आमच्या मते याचं कारण साधं आहे. भजनात गळा पुढे असतो, पेटी मागे. तिथली चौदा सेंटांची चूक गळा सांभाळून घेतो. तीच चूक तंबोऱ्यासमोर लांबवलेल्या गंधारात लगेच कानाला टोचते. चूक तेवढीच, जागा वेगळी.

आता रेझिस्टरकडे वळू. जुन्या काळी कारखान्यात नेमक्या किमतीचा रेझिस्टर काढणं महाग पडे. म्हणून चूक गृहीत धरूनच किमतींची शिडी बांधली: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३... ८२ पर्यंत, बारा पायऱ्या. दहा टक्के इकडे, दहा टक्के तिकडे धरलं की शेजारच्या पायऱ्या एकमेकींना जवळपास भिडतात. मधला कुठलाही तुकडा वाया जात नाही. १९५२ मध्ये याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण छापलं गेलं. गंमत बघा, पेटीतही बारा आणि इथेही बारा, आणि दोन्हीकडे पायऱ्या गुणाकाराने चढतात. अंगावरचा शेवटचा पट्टा चुकीची कबुली देतो: चंदेरी दहा टक्के, सोनेरी पाच, तपकिरी एक.

सिंथेसायझरमध्ये हा टक्का सुरात कसा उतरतो? रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून जी पद्धत रुळवली, तिच्यात एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. तो व्होल्ट ज्या रेझिस्टरमधून आत येतो, तो पाच टक्क्यांनी चुकला तर सप्तकात साठ सेंटांची चूक. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांतल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त. एक टक्क्याने चुकला तर बारा सेंट. देवलांच्या चौदाच्या अगदी शेजारी!

मग एक टक्क्याचे घेतले की झालं? नाही. ही चूक स्थिर असते. प्रीसेट फिरवून ती काढता येते, जशी पेटीतली पितळी पट्टी घासून सूर मिळवतात. खरी फसगत उष्णतेची. आम्हीही हौसेने एक ऑसिलेटर जोडला, रात्री सुरात लावला आणि खुशीत झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बेसूर! व्होल्टचं सप्तक करणारी ट्रान्झिस्टरची जोडी एका अंशाला सुमारे ०.३३ टक्का सरकते. पाच अंश वाढले की सप्तकात वीस सेंट गेले. त्यावर उपाय म्हणजे उष्णतेबरोबर तेवढ्याच प्रमाणात वाढणारा खास रेझिस्टर, त्या जोडीला चिकटवून बसवायचा. एक टक्क्याच्या मेटल फिल्मचा मोठा गुणही हाच, की तापल्यावर ते कार्बनपेक्षा कमी हलतात.

तेव्हा त्या तरुणाला आम्ही सांगितलं ते असं. सूर ठरवणाऱ्या मोजक्या जागी एक टक्क्याचे मेटल फिल्म घे. दिव्याला, किंवा जिथे पुढे बटण फिरवून कानानेच ठरवणार आहेस तिथे, पाच टक्के पुष्कळ झाले. आणि दोन वाटांनी येणारा व्होल्ट सारखाच सूर द्यायला हवा असेल, तर एकाच पाकिटातले मल्टिमीटरवर मोजून जोड्या लाव. स्वस्त मीटर खरी किंमत थोडी चुकीची सांगेल, पण दोन रेझिस्टर सारखे आहेत का, हे बरोबर सांगेल.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही स्वतःच थबकलो. तंबोरा लावताना तरी दुसरं काय करतो आपण? कंपनांचा आकडा कोणाला ठाऊक असतो? एक तार दुसरीशी मिळते की नाही, एवढंच ऐकतो. देवलांची मोजणी वाया गेली असं आम्ही म्हणणार नाही. चूक किती, हे त्यांच्यासारख्यांमुळे कळलं. पण ती कुठे चालेल, हे आकडा सांगत नाही. ते ऐकावं लागतं.

तरुणाचं यंत्र अजून पुरं व्हायचंय. झालं की इथेच आणू, आणि शेजारी तंबोरा ठेवू.