वाहन सुरू न होणे : विद्युत दोषनिदान

चावी फिरवूनही इंजिन न फिरल्यास बॅटरी, तारा, सॉलेनॉईड (सेल्फला वीज जोडणारा विद्युत स्विच) आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) या मार्गात दोष कोठे आहे ते शोधण्याची पद्धत. चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत सेल्फ 1912 मध्ये कॅडिलॅक मोटारीत आला. त्याआधी हँडल मारावे लागे.

पूर्ण भारित 12 व्होल्टी बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. पण हा आकडा एकटा फसवा असतो. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते : दाब 9.6 व्होल्टच्या बराच खाली गेला, तर बॅटरी उतरलेली किंवा निकामी. दाब टिकून नुसता ‘टक्’ आवाज आला, तर संशय सॉलेनॉईड, सेल्फ किंवा सैल जोडणीवर. आवाजच नसेल, तर फ्यूज, रिले व चावीचे स्विच पाहावे.

दोष शोधताना स्थानिक हवाही लक्षात घ्यावी. उदाहरणार्थ, गोव्यातील पेडणे तालुक्यातील तुये शापोरा नदीच्या उत्तरेस, समुद्रापासून जवळ आहे. अशा खारट, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढते आणि अर्थिंगची पट्टी गंजते. म्हणून येथे नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल घासून पाहणे अगत्याचे. सेल्फ फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिन यांत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास दोष अर्थिंगचा.