पंढरीची नित्यपूजा आणि आपल्या देवळाची सांजवात

आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन कळस चढला, हा आपणा सर्वांच्या भाग्याचा दिवस होय. या स्मरणिकेसाठी पंढरपूरच्या पूजाअर्चेविषयी चार शब्द लिहावेत, अशी मंडळींची आज्ञा झाली. मी विद्वान नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा व वर्षातून एकदा पंढरीस जाणारा साधा माणूस आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

पंढरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वारी उभी राहते. चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी अशा चार वाऱ्या प्रसिद्धच आहेत. परंतु देवळाचा खरा संसार चालतो तो नित्योपचारांवर. पहाटे काकडआरती, मग पंचामृतस्नानासह नित्यपूजा, दुपारी महानैवेद्य, तिसऱ्या प्रहरी पोषाख, सायंकाळी धुपारती व रात्री शेजारती. ऋतुमानाप्रमाणे त्यात फरक पडतो. गुढीपाडव्यापासून मृग निघेपर्यंत देवास चंदनाची उटी लावतात, तर धनुर्मासात खिचडीचा नैवेद्य असतो.

मात्र आषाढी-कार्तिकीस हा क्रम बदलतो. देवाचा पलंग काढला जातो. काकडा, पोषाख, धुपारती, शेजारती बंद राहतात. विठ्ठलाच्या पाठीशी लोड देतात व रात्रंदिवस दर्शन चालू राहते. लेकरे दारी आली असता माउलीने निजावे कसे, हा त्यातील भाव. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. पायांना लिंबू-साखर लावून देवाला स्नान घालतात, शीण जावा म्हणून रात्री काढा देतात आणि पलंग पुन्हा शेजघरात जातो. उत्सव कितीही थोर असो, त्याची सांगता नित्यक्रमावर परतूनच होते.

ही सेवा पूर्वी वंशपरंपरेने वाटलेली होती. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीमातेकडे उत्पात. शिवाय सात सेवाधारी : पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे व डांगे. पूजा एकाची, मंत्र दुसऱ्याचे, आरसा तिसऱ्याचा, दिवटी चौथ्याची. कामाची वाटणी चोख होती. परंतु जेथे हक्क, तेथे तंटा आणि मज्जाव. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना देवाच्या पायांपर्यंत जाता येत नव्हते. त्यासाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरी उपोषण केले व त्याच वर्षी मंदिर सर्वांस खुले झाले. पुढे १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. तो कोर्टकचेरीत अडकून १९८५ साली अमलात आला, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वंशपरंपरागत हक्कांचा वाद संपला. त्याच साली मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागविले. हक्कदार गेले, पूजेचा क्रम तोच राहिला. २०२४ साली गाभाऱ्यात जतनाचे काम निघून पदस्पर्शदर्शन मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत बंद होते, तरी मुखदर्शन ठरल्या वेळी चालूच होते.

आता आपल्या गावचे सांगतो. काम चालू असता मूर्ती पत्र्याच्या शेडमध्ये होती व सांजवातीची पाळी घरवार लावली होती. यादी लिहिणारा मीच. माझी पाळी मार्चअखेरीस आली. कचेरीत वसुलीची धांदल, घरी येण्यास शेवटची एस. टी. दोन दिवस देव अंधारात राहिला. तिसऱ्या रात्री शेडमध्ये निरांजन तेवताना दिसले. वस्तीवरच्या एका म्हातारबाईंनी ते लावले होते. पुढे आठवडाभर त्याच लावीत होत्या. त्यांचे नाव यादीत शोधले, तर नव्हते. वर्गणी भरलेल्या घरांचीच यादी मी केली होती!

मी लाजेने मान खाली घातली. ज्या मज्जावासाठी गुरुजींनी प्राण पणास लावले, तोच मी कागदाच्या एका ओळीने केला होता.

म्हणून गावकरी बंधुभगिनींना नम्र सूचना अशी की, सांजवातीची यादी नव्याने व्हावी. तीत गावचे व वाड्यावस्त्यांवरचे प्रत्येक घर असावे, वर्गणी दिली असो वा नसो. पहिली पाळी त्या आजींना द्यावी. दगडाचे देऊळ उभे राहिले, त्यात रोजची वात आपण सर्वांनी मिळून लावावी, हीच श्रीचरणी प्रार्थना. इत्यलम्.