एका बेअरिंगची धास्ती : पोर्शे ९११ चं बदललेलं इंजिन

आजचा विषय अक्षरशः मुठीत मावेल एवढा आहे. एक बॉल बेअरिंग. पण त्यानं जगभरातल्या पोर्शे मालकांची झोप गेली वीसेक वर्षं उडवली आहे. गाडी व्यवस्थित चालत असली तरी!

आधी थोडं मागे जाऊ. १९८६ साली पोर्शेच्या वर्षाला ५० हजारांहून जास्त गाड्या खपत होत्या. १९९३ पर्यंत हा आकडा १५ हजारांच्या आसपास आला. कंपनी विकली जाणार, अशी चर्चा होती. तेव्हा वेंडेलिन विडेकिंग हे प्रमुख झाले आणि त्यांनी खर्च कमी करायला थेट जपानी सल्लागारांना कारखान्यात आणलं. स्वस्तातली बॉक्स्टर आणि नवी ९११, म्हणजे ९९६, या दोन गाड्या शक्य तितके सामाईक भाग वापरून बनवायच्या ठरल्या. दोघींचे पुढचे दिवेसुद्धा सारखेच. लोकांनी त्यांना ‘फ्राय केलेलं अंडं’ म्हणून हिणवलं, ते सोडा. इंजिनही एकाच घराण्यातलं, आणि ते हवेऐवजी पाण्यानं थंड होणारं. आवाजाचे आणि धुराचे नियम कडक होत होते, त्यामुळे हा बदल टळणारा नव्हताच.

आता या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट असतो. क्रँकशाफ्ट त्याला फिरवतो आणि त्याच्यावरून चेननं कॅमशाफ्ट फिरतात. हा शाफ्ट जुन्या ९११ मध्येही होता, पण तिथे तो साध्या बेअरिंगवर, दाबानं येणाऱ्या इंजिन ऑइलच्या थरावर फिरायचा. नव्या इंजिनात त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलं, आत कंपनीतच भरलेलं ग्रीस. कल्पना अशी की आयुष्यभर बघायला नको. प्रत्यक्षात सीलमधून गरम ऑइल आत झिरपतं, ग्रीस धुऊन निघतं, आणि आत अडकलेलं ऑइल खराब होत राहतं. बेअरिंग गेलं की शाफ्ट डगमगतो, चेनचं टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. संपलं. बहुतेकदा अख्खं इंजिनच बदलावं लागतं.

सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं बेअरिंग होतं. २००० च्या सुमारास ते एकेरी झालं, आणि इथे खरी गडबड झाली. अमेरिकेत मालकांनी सामूहिक खटला भरला, २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यात पुढे आलेले आकडे असे: दुहेरी बेअरिंग बिघडण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी, एकेरीचं सुमारे आठ टक्के.

आठ टक्के म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव गाड्यांना काहीच होत नाही. पण आपली गाडी कुठल्या आठांत आहे, हे कुणाला कळणार? म्हणून लोक ऑइल बदलताना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा कीस शोधतात. काही जण गाडी जपायची म्हणून ती बाहेरच काढत नाहीत. आणि गंमत बघा, जाणकार मेकॅनिक नेमकं उलट सांगतात: उभ्या राहणाऱ्या गाड्यांनाच धोका जास्त, तेव्हा चालवा आणि ऑइल लवकर बदला.

मला विचाराल तर मी याला फसवणूक म्हणणार नाही. बुडत्या कंपनीनं केलेली ती काटकसर होती. पण चांगलं इंजिन करता येत नव्हतं असंही नाही हो! त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये हान्स मेट्झगर यांच्या परंपरेतलं इंजिन होतं, १९९८ साली ल माँ जिंकणाऱ्या जीटी१ गाडीशी नातं सांगणारं. त्यात हे बेअरिंग नव्हतं. ते महागड्या गाड्यांना मिळालं. काटकसरीचं बिल मात्र बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलं, म्हणजे ज्यानं ९११ चं स्वप्न जुन्या बाजारात, जेमतेम पैसे जमवून विकत घेतलं, त्याच्या हाती.

२००५-०६ च्या सुमारास कंपनीनं मोठं, दणकट बेअरिंग आणलं. पण ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेर काढताच येत नाही! आधीची बेअरिंग निदान गिअरबॉक्स उतरवला की हाताला लागतात, म्हणून क्लचचं काम काढलं की सोबत हेही बदलून घ्यायची रीत पडली. शेवटी २००८ मध्ये ९११ ला नवं इंजिन मिळालं, त्यात तो मधला शाफ्टच नव्हता.

चला, आता प्रश्न घेऊ.