पोकर रूमच्या ‘बक्षीस योजनां’साठी खेळ बदलावा का? गणित काय सांगतं?

‘दर तासाला सर्वात मोठ्या हाताला २० हजार’, ‘अमुक वाजता पॉटमध्ये आमच्याकडून ५ हजार’ अशा जाहिराती कॅसिनोंच्या पोकर रूम करतात. फुकट मिळणारं कोण सोडेल, असं वाटून अनेकजण नेहमीपेक्षा दुप्पट हात खेळतात आणि बक्षिसापेक्षा जास्त रक्कम टेबलावर ठेवून येतात. अशा योजनांमुळे खेळ खरंच बदलावा लागतो. पण किती बदलायचा, हे आकड्यांवर ठरतं.

हे कुठे चालतं?

मराठी माणसासाठी जवळचं ठिकाण म्हणजे गोवा. तिथल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या झाल्या आणि आधी पंचतारांकित हॉटेलांत, नंतर जहाजांवर खेळांना वाट मिळाली. पणजीजवळ मांडवीत उभं असलेलं ‘डेल्टिन रोयाल’ पोकरसाठी ओळखलं जातं. गोव्यात कॅसिनो प्रवेशासाठी वय २१ पूर्ण असावं लागतं.

महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोसाठी केलेला कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला गेला. वर्धा जिल्ह्यातल्या गिरडमध्ये बसून मोबाइलवर पैशांचं पोकर खेळणं काही वर्षांपूर्वी सहज शक्य होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केल्यावर मोठ्या अ‍ॅपनी ते खेळ थांबवले.

‘हाय हँड’ योजनेत काय बदलतं?

ठरलेल्या वेळेत संपूर्ण रूममध्ये ज्याचा हात सर्वात मोठा, त्याला बक्षीस. बहुतेक ठिकाणी हातातली दोन्ही पानं वापरली जाणं आणि पॉट किमान रकमेचा असणं, अशा अटी असतात.

समजा बक्षीस २०,००० रुपये आहे आणि चार सारखी पानं, म्हणजे क्वाड्स लागले तर निम्म्या वेळा ते जिंकतात. हातात जोडी आहे आणि फ्लॉपवर तिसरं पान आलं तरच पुढे जायचं, असं ठरवलं तर रिव्हरपर्यंत क्वाड्स लागण्याची शक्यता साधारण १३६ मध्ये १. म्हणजे या जोडीला योजनेमुळे मिळालेलं जादा मूल्य सुमारे ७३ रुपये.

१००-२०० ब्लाइंडच्या टेबलावर ६०० रुपयांचा रेझ कॉल करताना हे ७३ रुपये म्हणजे साधारण १२ टक्के सूट. एरवी काठावर असलेली लहान जोडी त्यामुळे खेळण्याजोगी होऊ शकते. एक्का-नव्वी किंवा राजा-दश्शीसारख्या हातांचं मूल्य मात्र जवळपास जैसे थे राहतं.

बदामाची अठ्ठी-सत्ती असा हात योजनेत फार वधारतो, हा समज अर्धाच खरा आहे. दोन्ही पानं वापरून स्ट्रेट फ्लश लागण्याची शक्यता पाचही पानं पाहिली तरी ५०६ मध्ये १ एवढीच आहे. लागला तर बक्षीस जवळपास पक्कं धरलं, तरी मूल्य ४० रुपयांच्या आतच राहतं. शिवाय पाचही पानं बघायला प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागतात.

घड्याळ आणि फलक बघा

बक्षिसाचं मूल्य तासभर सारखं नसतं. फलकावर आधीच स्ट्रेट फ्लश लागलेला असेल, तर तुमच्या क्वाड्सना योजनेत शून्य किंमत. उलट शेवटची दहा मिनिटं उरली आहेत आणि फलकावर फक्त फुल हाउस आहे, तर जोडीचं मूल्य वाढतं. चालू टेबलं कमी असली तरी तसंच.

बक्षिसासाठी फुकट पान देणं ही नेहमीची चूक. टर्नवर तुमच्याकडे तीन सारखी पानं आहेत. चौथं येण्याची शक्यता ४६ मध्ये १, म्हणजे वरच्याच हिशोबाने सुमारे २१७ रुपये. समोरचा फ्लशची वाट बघत असेल, तर त्याचं पान जवळपास पाचात एकदा येतं. पॉट ३,००० चा असेल तर ही जोखीम ६०० रुपयांच्या घरात जाते. अशा वेळी बेट करणंच योग्य.

‘स्प्लॅश पॉट’मध्ये

इथे रूम स्वतः पॉटमध्ये रक्कम टाकते, आणि खेळ सर्वात जास्त याच योजनेत बदलतो. समोरच्याने १०,००० रुपयांचा ऑल-इन केला आणि ब्लाइंडचे ३०० पडलेले आहेत. एरवी कॉल फायद्याचा ठरायला तुमचा हात ४९ टक्के वेळा जिंकायला हवा. रूमने ५,००० टाकले की तोच आकडा ३९.५ टक्क्यांवर येतो. म्हणून कॉल थोडे सैल करता येतात. थापा मात्र कमी कराव्यात, कारण समोरचेही तोच हिशोब करून सहजी पानं टाकत नाहीत. टाकलेल्या रकमेवरही रेक कापला जातो का, हे आधी विचारून घ्या.

‘बॅड बीट जॅकपॉट’साठी?

क्वाड्ससारखा प्रचंड हात हरला की मोठी रक्कम वाटली जाते. बहुधा सर्वात मोठा वाटा हरणाऱ्याला, नंतर जिंकणाऱ्याला आणि उरलेला टेबलावरच्यांना. हा योग इतका दुर्मीळ असतो की त्यासाठी एकही हात वेगळा खेळण्यात अर्थ नाही. हा निधी अनेकदा प्रत्येक पॉटमधून थोडी रक्कम कापून उभा राहतो. पॉटमागे २० रुपये कापले जात असतील आणि तुम्ही तासाला तीन पॉट जिंकत असाल, तर तासाला ६० रुपये तुम्हीच भरत असता. हात चालू असताना जॅकपॉटबद्दल बोलू नका. संगनमत मानून रूम रक्कम नाकारू शकते.

करानंतर हातात काय उरतं?

पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के लागतो. हरलेल्या पैशांची किंवा प्रवासखर्चाची वजावट मिळत नाही. वरचे ७३ रुपये त्यामुळे ५० वर येतात आणि ‘१२ टक्के सूट’ ८ टक्क्यांवर. काठावरचे बरेच कॉल इथेच तोट्यात जातात.

थोडक्यात

योजना चालू असताना जोड्या थोड्या जास्त खेळाव्यात, स्प्लॅश पॉटमध्ये कॉल सैल करावेत, बाकी खेळ आहे तसाच ठेवावा. रूमला योजना परवडते, कारण तिच्यामुळे टेबलं भरतात आणि रेक वाढतो. खरा फायदा होतो तो योजनेच्या नादाने वाटेल ते हात खेळणाऱ्यांसमोर शांत बसलेल्या खेळाडूचा. तिथे जाताना हरण्याची मर्यादा आधीच ठरवा. खेळ आवरेनासा झाला असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.